खुणेचा दोरा

लॉन्ड्रीवाल्या वहिनीच्या टेबलावर आली की चादर आपणहून अंग ताठ करते, असं लोक म्हणत. वहिनी ते कधी खोडून काढत नसे. आपल्या इस्त्रीचा तिला अभिमान होता, आणि तो लपवण्यासारखा आहे असं तिला वाटत नव्हतं.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक लांबट खोली. मध्ये पडदा. पडद्यामागे वहिनी कपडे सरळ करी, आणि पडद्यापुढे तिची नणंद संध्याकाळी पोरांचं इंग्रजी सरळ करी. वहिनीचा नवरा सायकलवरून गठ्ठे आणी, पोचवी. या दोघींच्या बोलण्यात पडायचं नसतं, एवढं शहाणपण त्याला लग्नानंतर लवकरच आलं होतं.

वहिनी या घरात आली तेव्हा नणंद दोन वेण्या घालून शाळेत जायची. त्या वेण्या मग वहिनीच घालू लागली. डोक्यावर एक टपली मारून, ‘हल, म्हणजे वाकडी येईल,’ म्हणत. त्यामुळे ‘वन्सं’ आणि ‘अहो-जाहो’ त्यांच्यात कधी आलंच नाही. वहिनी तिला ‘बाई’ म्हणे. आधी चिडवायला, आणि ती खरोखरची बाई होऊन शिकवायला लागल्यावर कौतुकानं.

त्या संध्याकाळी फळ्यावर मालकी होती.

“मालकाचं नाव लिहा,” बाई सांगत होती, “नावाच्या शेवटी वरच्या अंगाला एक लटकन अडकवा. अपॉस्ट्रॉफी. पुढे एस. झाली वस्तू त्याची. मालक पुष्कळ असतील तर बहुतेक वेळा एस आधीच आलेला असतो, मग लटकन त्याच्या पलीकडे.”

“आणि चा, ची, चे?” एका पोरीनं विचारलं.

“ते आपलं. शिंप्याचा सदरा, शिंप्याची सुई, शिंप्याचं दुकान. आपण वस्तूचं तोंड बघून बोलतो. इंग्रजी वस्तूकडे बघतही नाही, तिला मालक कळला की पुरे.”

“आमच्यासारखंच की,” पडद्यामागून आवाज आला. “कपडा कुठला का असेना, खूण मालकाची.”

पोरं हसली. बाईही हसली.

वहिनीची खूण म्हणजे कॉलरच्या आत घातलेला रंगीत टाका. दवाखान्याला लाल, खाणावळीला हिरवा, वकिलांना पिवळा. घरच्या कपड्यांना काही नाही. घरचं ते घरचं, त्याला खूण कशाला?

पोरं गेल्यावर बाई पडद्याआड आली. टेबलाच्या कडेला बोट फिरवत उभी राहिली.

“वहिनी, माझ्या कपड्यांवर खूण घालून देशील?”

इस्त्री जागच्या जागी थांबली, आणि उशीचा अभ्रा करपल्याचा वास येईपर्यंत तशीच राहिली.

वसतिगृहाच्या शाळेनं बाईला शिकवायला बोलावलं होतं. राहायचं तिथेच. कपडे सगळ्यांचे एकत्र धुतात, खुणेशिवाय घेत नाहीत.

“तू नको म्हणालीस तर मी नाही जाणार,” बाई म्हणाली. रुसून नाही, अगदी सरळ.

‘नको’ हा शब्द वहिनीच्या जिभेच्या टोकावर होता. तो गिळून ती म्हणाली, “दोरा संपलाय.”

मग सुई वाकली. मग उजेड बरा नव्हता. मग डोळ्यांत पाणी येऊ लागलं, नीळ उडाली असेल म्हणून. शेवटी नवऱ्यानं भीत भीत विचारलं, “दोरा मी आणू का? वाटेतच आहे दुकान.”

“तुम्ही सायकल बघा,” वहिनी म्हणाली. “ब्रेक कुरकुरतोय.”

बाईनं एका शब्दानं टोचलं नाही. सुट्टीच्या दिवशी तिनं स्वतःच कपाट रिकामं केलं आणि जमिनीवर ढीग मांडला. तेव्हा कळलं, की कुठला कपडा कुणाचा हे दोघींनाही सांगता येत नाही. इतकी वर्षं दोघींनी हाताला येईल ते घातलं होतं.

“ही शाल तुझी,” बाई म्हणाली.

“माझी कशी? थंडीभर तूच गुंडाळून बसलेलीस.”

“स्वेटर तुझा.”

“बाह्या बघ, माझ्या मनगटापर्यंत तरी येतात का?”

“मग दोघींचा. दोघींची मिळून एक वस्तू असली तर लटकन एकच, मागच्या नावाला.”

“मग माझं नाव मागे घाल. मला मागे राहायची सवय आहे.”

बाई हसली नाही. एकेक कपडा ती वहिनीच्या बाजूला सरकवत गेली. चांगलं ते तुझं, नवं ते तुझं. स्वतःकडे उरले विटके टॉवेल आणि कोपर झिजलेला सदरा. वहिनी बघत राहिली. लहानपणापासून ही पोर अशीच. मोठा घास दुसऱ्याला, शेवटची खुर्ची दुसऱ्याला.

“जगाला मालकी शिकवतेस,” वहिनी चिडून म्हणाली, “आणि स्वतःला एक वस्तू ‘माझी’ म्हणता येईना तुला?”

“एक येते.” बाई मान खाली घालून टॉवेलची घडी मोडत होती, घालत होती. “ती शाळा. ती मला हवी आहे, वहिनी.”

या घरात तिनं काही हवं म्हटल्याचं वहिनीला आठवेना. तिनं आठवून बघितलं, अगदी वेण्यांच्या दिवसांपर्यंत जाऊन. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि फडताळातून दोऱ्यांचा डबा काढून बसली. डबा काठोकाठ भरलेला होता.

“संपला होता ना?” बाई म्हणाली.

“सुईत ओव. फार बोलू नकोस.”

शाल आणि स्वेटर वहिनीनं बाईच्या ढिगात टाकले. आता रंग. लाल दवाखान्याचा, हिरवा खाणावळीचा. निळा शाळामास्तरांकडे, काळ्यावर डाग दिसत नाहीत म्हणून तो गॅरेजवाल्याला. एकही रंग मोकळा नव्हता. जो हातात घ्यावा तो कुणाचा तरी निघे. वहिनीनं बराच वेळ डबा उलटापालटा केला. मग लाल आणि पिवळा असे दोन धागे काढले, मांडीवर तळव्यानं पीळ देऊन त्यांचा एक केला, आणि शालीच्या कोपऱ्यात पहिला टाका घातला.

“असा कुणाकडेच नाही,” ती म्हणाली. “कुठे हरवलीस तरी लोक विचारत माझ्यापर्यंत येतील.”