चोरालाही सूचना

कळमनुरीच्या आठवडी बाजारात मी साडूंची सायकल झाडाला टेकवली, कुलूप न लावताच भज्यांच्या गाड्याकडे वळलो, आणि दुसरा घाणा तोंडात टाकेपर्यंत तिथं नुसतं झाड उरलं. सायकल माझ्या हाती देऊन गूळ घ्यायला जाताना साडूंनी मला अकरा सूचना दिल्या होत्या. त्यांत कुलपाची नव्हती, असं मी अजूनही म्हणतो. त्यावर ते म्हणतात, "श्वास घ्या, हेबी म्हणलो नव्हतो. घेतलाच की!"

सूचनेशिवाय आमच्या साडूंनी आजवर कुणाला काही दिलेलं नाही. चहा दिला तर "कपाचा कान ढिला हाय, बुडाला धरा". पाट दिला तर "डावीकडं रेलू नका". कुणाच्या लग्नात अक्षता वाटायला उभे राहिले, तर त्या कुठून आणि किती जोरानं टाकायच्या हे ओळीनं सांगत जातात. एकदा दवाखान्यात सुई टोचणाऱ्या नर्सबाईंनाच म्हणाले, "बाई, आधी बसून घ्या, दमल्या असाल."

पण त्या दिवशी मला हसू सुचेना. साडूंचे गुडघे असे, की चार पावलं चालले की बोंबलतात आणि सायकलवर मात्र गपगार बसतात. शेत गावापासून लांब. पोरानं मोटारसायकल घेऊन दिली, तिला ते हात लावत नाहीत. सायकल गेली म्हणजे शेत गेलं आणि माणूस ओट्यावर बसला.

ते पलीकडे गूळ घेत होते. मी जाऊन कसंबसं सांगितलं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी गुळाची ढेप माझ्या हातात दिली ("उन्हात धरू नका") आणि लंगडत समोरच्या चादरीवाल्याच्या टेम्पोकडे गेले. त्याच्या हातातला माईक घेतला. मी म्हटलं, आता चोराच्या सात पिढ्या उद्धरतात. भोंग्यातून आवाज आला:

"हिरवी सायकल ज्यानं नेली त्या भल्या माणसानं ध्यान देऊन ऐकावं. मागचा ब्रेक लागत न्हाई, पुढचा लावला की माणूस तोंडावर पडतो. ओढ्याच्या उताराला बसून जाऊ नका, उतरून चाला. लेकराबाळाचे असाल. चैन उतरली तर उजव्या पायानं चढवा."

सगळा बाजार हसला. चादरीवाला म्हणाला, "काका, चोराला शिकवून राहिले का तुमी?"

"मग? पडला म्हंजे?" साडू म्हणाले.

तेवढ्यात उताराच्या तोंडाशी बसलेली मिरचीवाली मावशी उभी राहून ओरडली, "आवं, ह्या उताराला लेकरंबी पाय वर करून सुटतात, अन् ह्यो बाप्या सायकल धरून पायी काहून चालला?"

सायकल हिरवीच होती. धरणारा पन्नाशीचा, घामाघूम. लोकांनी घेरलं, दोघांनी बाह्या सरसावल्या. साडू पोचले आणि मध्ये उभे राहिले.

"बसून गेला असतास तर निसटला असतास की," ते त्याला म्हणाले.

"तुमी पडशील म्हणलात," तो खाली बघत म्हणाला.

"हात लावू नका कुणी त्याला," साडू लोकांकडे वळले. "माझी पोरंबी माझं इतकं ऐकत न्हाईत." मग सायकल हातात घेतली, हँडल सरळ केलं आणि त्या माणसाला म्हणाले, "जा. अन् कडेकडेनं जा, ट्रक लई हायत."

माझ्या जिवात जीव आला. निम्म्या ढेपेचा पाक माझ्या बाहीवर होता.

घरी हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. ती हसली, मग भांडी लावता लावता म्हणाली, "दाजी ताईलाबी यष्टीत बसवताना असंच करतात. खिडकीतून हात काढू नको, बाळापूरला पाणी पी. गाडी हलली तरी खालून सांगतच राहतात. तुमी मला कधी म्हणलात असं?"

"तू काय चोर आहेस का?" मी म्हटलं.

"न्हाई ना," ती म्हणाली. "म्हणून तर कुणी म्हणत न्हाई."