आप्पांचा अर्ज आणि घरातला चहा

सोलापुरात चहा नको म्हणणं म्हणजे बसल्या जागी भांडण उकरून काढणं. नको म्हटलं की समोरची बाई आधी विचारते, शुगर आहे का? मग विचारते, पित्त होतं का? दोन्ही नाही म्हटलं की तिचं तोंड पडतं, हिला आमच्या घरचं चालत नाही वाटतं. मग मला सगळं पुराण लावावं लागतं की बाई, आम्ही मॉर्मन, आमच्यात चहा-कॉफी घेत नाहीत. त्यावर ठरलेला प्रश्न येतो, म्हणजे ख्रिश्चनच ना? आमच्या ओळखीचे नगरकडचे ख्रिश्चन तर बशीतून ओढतात की. ओढू देत. मी काय त्यांची बशी काढून घ्यायला जाते? दहा वर्षं मी हेच उत्तर देते आहे आणि दर वेळी माझं डोकं तितकंच तापतं.

नवरा हैदराबादला नोकरीला होता तेव्हा तो आधी मॉर्मन झाला. मी दोन वर्षं अडून बसले. मला पटलं ते सोमवारमुळं. आमच्यात सोमवारची संध्याकाळ घरच्यांची असते. टीव्ही बंद, मोबाईल बंद, सगळ्यांनी मिळून एक गाणं, थोडा धडा, एखादा खेळ, काहीतरी गोड आणि शेवटी प्रार्थना. जो माणूस घरात फक्त पेपरशी बोलायचा तो सोमवारी पोरींशी बोलायला लागला. मी म्हटलं, हा देव कामाचा आहे. बाप्तिस्मा घेतला आणि चहा सोडला. डोकं आठ दिवस दुखलं, मग थांबलं.

गेल्या वर्षी आई गेली आणि आप्पा, म्हणजे माझे वडील, कुर्डुवाडीच्या घरात एकटे राहिले. रेल्वेच्या वर्कशॉपमधले रिटायर फिटर. थंडीत एक दिवस न्हाणीत घसरून पडले ते दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. हाड मोडलं नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी मी गेले, त्यांचे कपडे पिशवीत भरले आणि त्यांना सोलापूरला घेऊन आले. विचारलंबिचारलं काही नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

आप्पा दिवसाला दहा-बारा कप चहा पिणारा माणूस. आमच्याकडं चहा नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण खरंच डबासुद्धा नाही हे पहिल्या सकाळी कळलं. मी गरम दूध दिलं. त्यांनी कपाकडं असं बघितलं, जसा कुणी हातात चुकीचा पाना दिलाय. दूध मात्र प्यायले.

मग आला महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी आमचा उपवास असतो. आप्पा एकादशीवाले, खूश झाले. मग साबुदाणा भिजवलास का, म्हणाले. म्हटलं, आमच्यात साबुदाणा नसतो. भगर? भगर पण नाही. रताळं? नाही. पाणी तरी? दोन जेवणं सोडायची, तोवर पाण्याचा थेंब पण नाही, म्हटलं. आप्पा म्हणाले, "ह्यो उपास न्हाय पोरी, ही शिक्षा हाय." म्हटलं, तुम्ही नका करू, तुम्हाला भाकरी टाकते. तर नाही, घरात सगळे उपाशी असताना आपण कसं खायचं, म्हणून बसले हट्टाला. अकरा वाजता जरा शेजारी बसून येतो म्हणून गेले आणि आले ते मिशीला शेंगदाण्याची चटणी लावून. पोरी हसून लोळल्या. मी काही बोलले नाही, ही माझी त्या महिन्यातली सगळ्यात मोठी तपश्चर्या.

चहासाठी मात्र ते रोज रस्ता ओलांडून टपरीवर जायला लागले. गुडघा धड नाही, रस्त्यावर रिक्षा सुसाट. एकदा मी गॅलरीतून बघत होते आणि एक रिक्षा त्यांच्या धोतराला घासून गेली. मी वरूनच ओरडले. रिक्षावाल्यानं ऐकलं, आप्पांनी ऐकलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की चहा घरात करायचा, काय व्हायचं ते होऊ दे.

आधी आमच्या चर्चच्या पुण्याच्या शाखेच्या अध्यक्षांना फोन लावला. ते हसायला लागले. म्हणाले, ताई, नेम तुमच्या घशापुरता आहे, वडलांच्या घशाचा नाही. करून द्या खुशाल. मी लगेच पावशेर चहापत्ती आणली. नवऱ्याला सांगितलं. आप्पांना सांगितलं नाही. घरातल्या प्रत्येक गोष्टीची दवंडी पिटायची सवय नाही मला.

आता पंचाईत अशी की घरात चव कोण बघणार? मी नाही, नवरा नाही, पोरी तर जन्मापासून चहाला शिवलेल्या नाहीत. शेजारच्या भाभी म्हणाल्या, मैं चखके बताती ना. मी म्हटलं, एवढा काही मोठा स्वयंपाक नाही तो. मग आम्ही आमची रीत काढली. थोरली नववीत आहे, ती मोबाईलवर वेळ लावायची. धाकटी रंगपेटीतला विटकरी खडू पातेल्याशेजारी धरायची आणि रंग जुळला की हो म्हणायची. मी चहा काढ्यासारखा धरला, जितका उकळेल तितका गुणाला चांगला. वीस मिनिटं उकळायचे. वर आलं, मिरी, थोडी सुंठ, म्हातारं माणूस आहे म्हणून ओवा.

आप्पांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मला वाटलं, आईची आठवण आली. म्हणाले, "बरा हाय." मी फुगले. दिवसातून चार वेळा करायला लागले. कधी त्यांचं तोंड उतरलेलं दिसलं की पत्ती वाढवायची. दर वेळी कप रिकामा, दर वेळी बरा हाय. टपरी बंद झाली, रस्ता बंद झाला, मी गल्लीभर सांगत सुटले की वडील कसे रुळले आमच्याकडं.

महिना झाला नाही तोच एका सोमवारी दुपारी आप्पा म्हणाले, बुधवारच्या गाडीनं कुर्डुवाडीला जातो. आता तिकडंच राहीन. मी विचारलं, काय कमी पडलं? काही न्हाय. पोरी त्रास देतात? न्हाय. मग माझं तोंड? ते तर लहानपणापासून हाय, म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले, दोन पातेली आपटली आणि ओट्याला टेकून रडले. ती न्हाणी, तो दूधवाला, सगळं डोळ्यापुढं आलं. या माणसाला बांधून कसं ठेवायचं तेच मला कळेना.

संध्याकाळी सोमवारची बैठक. गाणं कसंबसं झालं. खेळ कुणी मागितला नाही. शेवटची प्रार्थना आळीपाळीनं असते, आप्पांना आम्ही त्यातून सूट दिली होती. त्या दिवशी ते आपणहून म्हणाले, आज मी करतो. आमच्यात पाठ केलेली प्रार्थना नसते. हाताची घडी घालायची, डोळे मिटायचे, आपल्या शब्दांत बोलायचं, आणि आमेन होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही. आप्पांनी उभ्या आयुष्यात वरिष्ठांना जे मागितलं ते अर्ज करूनच. त्यांनी घसा साफ केला.

"माननीय देवसाहेब, अर्जदार रिटायर फिटर, कुर्डुवाडी. विषय, मुलीला माफी मिळणेबाबत. विनंती की माझ्या मुलीनं तुमच्या नावानं चहा सोडला. मी आल्यापासून ती माझ्यापायी दिवसातून चारदा तो चहा करती. ती चव घेत न्हाय, हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि पिऊनबी कळतंय. तरी तिचा नेम मोडला असं धरू नये. चूक माझी हाय, म्हणून मीच बुधवारी निघतोय. पोरगी तापट हाय पण आईवर गेलीया, मनाची चांगली हाय. अर्जाचा विचार व्हावा. आपला विश्वासू."

आणि थांबले. आमेन म्हणायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. आमेन नाही म्हणजे प्रार्थना चालू, प्रार्थना चालू म्हणजे मला बोलता येत नाही. धाकटी हळूच म्हणाली, आज्जा, आमेन म्हणा की. मला तेवढाही धीर निघाला नाही. मी डोळे मिटूनच माझी प्रार्थना सुरू केली.

"स्वर्गातल्या बापा, माझ्या बापाला सांग, चहा पिणं आमच्यात नाही, करून देणं चालतं. पहिल्याच दिवशी अध्यक्षांना फोन करून विचारलंय. माझा नेम शाबूत आहे. आणि हेही सांग की ते न्हाणीत पडले तेव्हा मी इथं पोरींच्या वेण्या घालत होते, मला पत्ताही नव्हता. परत तसं मला नको. मला ते इथं पाहिजेत."

नवऱ्यानं नाक ओढलं. मग आप्पांनी, तेही डोळे मिटूनच, विचारलं, "पाप न्हाय लागत?"

"नाही लागत."

"मग महिनाभर सांगितलं का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं का?"

मी एक डोळा उघडून बघितलं. त्यांनी सुटलेली हाताची घडी परत घातली, नीट, कोपरं जुळवून, आणि पुन्हा घसा साफ केला.

"देवसाहेब, मागचा अर्ज रद्द समजावा. मी हितंच राहतोय. फकस्त एक अट हाय. उद्यापासून माझा चहा मी करणार. तिनं त्या पातेल्याला हात लावायचा न्हाय. आमेन."

पोरी आमेन म्हणाल्या, नवरा म्हणाला. मला रडू आवरत नव्हतं आणि रागही आला होता, कारण महिनाभर माझ्या तोंडावर बरा हाय म्हणणारा माणूस देवापुढं मात्र खरं बोलला होता. पण ते राहणार होते. मीही आमेन म्हटलं.