हरीकाकांची कामटी

हरीकाका काल गेले, आणि मला सकाळपासून खेकडे आठवून हसू येतंय.

चौऱ्याण्णव-पंच्याण्णव साल असेल. ठाण्यात वागळे इस्टेटमधली आमची टूलरूम. नवीकोरी सीएनसी मशीन. प्रोग्रॅम लिहायला मी, मशीनवर कोळीवाड्यातले हरीकाका.

काम काय, तर बाळाच्या आंघोळीच्या टबचा मोल्ड.

लाकडावर ट्रायल घेतली. गोलाई कसली, नुसते कंगोरे! ड्रॉइंगवरून मोजून मी प्रोग्रॅममध्ये गोलाईचे वीस पॉइंट दिलेले, आणि दोन पॉइंटच्या मध्ये मशीन सरळच कापायची.

मग मी शहाणीने पॉइंट वाढवले. वीसचे चाळीस, चाळीसचे ऐंशी.

मशीन अडखळत, थरथरत चालायला लागली. कंगोरे गेले, लाटा आल्या.

साहेब म्हणाले, "उद्या शेवटची ट्रायल. नाही जमलं तर तू परत ड्रॉइंग बोर्डवर."

अख्ख्या टूलरूममध्ये मी एकटी मुलगी. ड्रॉइंग पुढ्यात घेऊन बसलेले.

काकांनी माझं ड्रॉइंग प्लायवर लावलं. प्रत्येक पॉइंटवर एक खिळा ठोकला आणि खिळ्यांना टेकवून बांबूची कामटी वाकवली. त्यांच्या घरी होड्या बांधायचे, तिथली ही रीत.

कामटी पार नागमोडी झाली.

"गो पोरी, येवरे खिले कशाला? मापात तुझा हात जरा जरा चुकलाय, ती प्रत्येक चूक तू ठोकून ठेवलीस. कामटीला तिच्या मनानं वाकू दे!"

आणि निम्म्याहून जास्त खिळे उपटले. कामटी झकास गोल बसली.

त्या रेषेवर मी कंपासने पाच आर्क, म्हणजे वर्तुळाचे कंस, जुळवले; अख्खा आर्क मशीन एका ओळीत कापायची. ऐंशी तुकड्यांचा प्रोग्रॅम अर्ध्या पानावर आला.

दुसऱ्या दिवशी मशीन कुठेही न अडखळता फिरली. काकांनी डोळे मिटून पीसवर नख फिरवलं आणि माझ्याकडे बघून नुसते हसले. साहेबांनी स्टीलचा ब्लॉक चढवायला सांगितला. मी टॉयलेटमध्ये जाऊन नाचले!

मोल्डमधून निघालेला पहिला टब काका घरी घेऊन गेले. बाळासाठी नाही हो. खेकडे ठेवायला!

दुसऱ्या दिवशी गेटवरूनच ओरडले, "कालपासून एक पण खेकडा वर चढला नाय गो! पास झालीस!"

साहेबांचं कन्फर्मेशन लेटर नंतर आलं. मी कायम झाले ती त्या दिवशी.

काका, ही पोस्ट आधी चांगली तीन पानी झालेली.

निम्म्याहून जास्त खिळे उपटलेत.

तुमच्या पोरीचा नमस्कार.