वास घेणारी बाई

वसई पूर्वेचा तो गाळा आठवला की अजून माझं डोकं फिरतं. तिथे लोखंडाच्या क्षारांत अमोनिया ओतून काळी, नॅनो आकाराची भुकटी बनवतात. ती सांडपाण्यातला रंग धरते आणि मग चुंबकाने रंगासकट बाहेर ओढता येते. कॉलेजात मुलांना हे दाखवायला मी भुकटी आणायला गेले होते.

एक बाई टबाखाली चुंबक ठेवून भुकटी तळाशी बसवत होती आणि वरचं अमोनियाचं पाणी ओतून पुन्हा ताजं पाणी भरत होती. अमोनिया पुरता गेला का, हे तिने नाकाने ठरवायचं. पदर खोचून ती वाकली, नाक पार पाण्याला टेकवलं आणि म्हणाली, "झाला साफ."

मी दारात होते, तरी माझे डोळे चुरचुरत होते.

"वास आहे अजून," मी म्हटलं.

ती हळूच म्हणाली, "मला आता सुक्या बोंबलाचा पन वास येत नाय, मॅडम. शेठला नका सांगू."

तिचं नाव न काढता मी शेठला म्हटलं, "लिटमस पेपर ठेवा. पंखा लावा. माणसाच्या नाकावर कसली तपासणी करता?"

टेबलावर पाहुण्यांसाठी मास्कचा खोका होता. त्यातला एक त्याने मला अगत्याने दिला.

"पेपर कशाला, मॅडम?" तो म्हणाला. "नाक गेलं की आम्ही बाई बदलतो."