सुरूच्या झाडाची हळद

सगुणाआजी ख्रिश्चन झाली, ही बातमी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवीस डिसेंबरला सकाळी सव्वाआठला आली. नऊपर्यंत तिला पाववाल्यानं फितवल्याचं कळलं. साडेनऊला कुणीतरी तिचं नवं नावही ठरवून टाकलं, सुझी. पुरावा एकच. डी विंगच्या दारातल्या सुरूच्या झाडावर तिनं निळ्या लाइटच्या माळा सोडल्या होत्या आणि शेंड्याला चांदणी बांधली होती.

तर तसं काहीही नाही. आजी दर मंगळवारी गावदेवीला जाते, नारळ स्वतः फोडते आणि खवट निघाला तर देवीशी भांडते. जी बाई आठ वर्षं लिफ्टला 'पालना' म्हणते आणि दुसरं नाव घ्यायला तयार नाही, ती देव काय बदलणार? शिवाय आमच्याकडे ख्रिश्चन घर एकच आहे, आणि ते दर नाताळला वसईला गावी जातं. मागे उरून ख्रिसमस साजरा करणारे सगळे संकष्टी धरणारे.

सोसायटीचं नाव ऑरोरा फ्योर्ड. फ्योर्ड म्हणजे काय ते अख्ख्या बाळकुममध्ये कुणाला माहीत नाही. रिक्षावाल्याला 'सगुणाआजीची बिल्डिंग' सांगितलं की तो बरोबर आणून सोडतो, कारण जमीन तिच्या सासरची. ए, बी, सी विंग फ्लॅट विकत घेणाऱ्यांच्या. डी विंग जमीन देणाऱ्यांची. डी विंगला वेगळं गेट, वेगळी लिफ्ट आणि क्लबहाउसमध्ये प्रवेश नाही. करारातच तसं लिहिलंय म्हणे. आता जिथं स्विमिंग पूल आहे तिथं आजी भात लावायची. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून ती पूलकडे बघते आणि ओरडून सांगते, "आमचे शेतान पानी भरलंय, न मनाच पाय बुडवाला बंदी!"

लहानपणी ती मिठागरावर कामाला होती. डोक्यावर मिठाची टोपली, पायाखाली खारं पाणी. तळपायाच्या भेगा अजून आहेत, फक्त त्या आता मुलाच्या स्पोर्ट्स शूजमध्ये असतात. नऊवारी आणि शूज अशा थाटात ती रोज सकाळी अकरा फेऱ्या मारते. अक्षर एक येत नाही. पण चारही विंगमधल्या पोरांची नावं तिला पाठ आहेत, आणि कुणाची आई कुणाशी बोलत नाही तेही.

तिच्यासमोर उभे आमचे सेक्रेटरी, हरिहरकाका. बी विंग, आमच्या वरचा मजला. नोकरीभर यांनी दुसऱ्यांच्या नकाशांतल्या चुका काढल्या आणि रिटायर झाल्यावर नकाशे संपले, चुका काढणं राहिलं. आजीनं बाल्कनीत बोंबील वाळत घातले की काका खालून मान वर करून सुरू होतात, "वस्तुतः, हे बघा, प्रश्न माशांचा नाहीये. प्रश्न प्रघाताचा आहे." भर पूजेत ते भटजींना थांबवतात. "गुरुजी, आधी कलश." गेल्या सत्यनारायणाला गुरुजी शेवटी पाटावरून उठले आणि म्हणाले, "काका, तुम्हीच बसा." काका बसले!

आता मूळ भानगड. गेल्या ख्रिसमसला आजीची नात कृतिका, वय वर्षं सात, नवा लाल फ्रॉक घालून क्लबहाउसच्या पार्टीला गेली. दारात सिक्युरिटी रिस्टबँड बघत होता. डी विंगला रिस्टबँड नाही. पोरगी परत गेली असती तर बरं. ती गेलीच नाही. पार्टी संपेपर्यंत काचेला नाक लावून बाहेर उभी राहिली. आणि वरून आजी तिला बघत होती.

या वर्षी डिसेंबर लागल्याबरोबर आजीनं मुलाला, म्हणजे कृतिकाच्या बापाला, हाक मारली. विकीदादाचा मंडप आणि लायटिंगचा धंदा आहे.

"विकी, मना लायटी पायजेल. सुरूचे झाडाला."

"आई, लगीनसराई हाय. सगला माल बाहेर गेलाय. फक्त निली उरलीय."

"ती कनाला उरली?"

"निल्या लायटीत नवरी मेलेली दिसते. कोन घेत नाय."

"माझी नवरी झाड हाय. आन ती."

हो, नवरी. आजीच्या हिशेबात दारात लाइट लागली म्हणजे घरात हळद. लाइट लावून नुसतं बघत बसायचं, हे तिच्या गावातल्या कुणालाच पटत नाही. मग तिनं ताट घेतलं, हळदकुंकू आणि अक्षता घेतल्या आणि ए, बी, सी तिन्ही विंगमध्ये दारोदार निघाली. आमच्या घरी आली तेव्हा मी दार उघडलेलं. आईला कुंकू लावून म्हणाली, "आमचे पोरीची हलद हाय, चोवीस तारखेला, सुरूची. पोराना पाठव." आईला हसू आवरेना, पण कपाळी कुंकू लावून गेलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? त्याच दिवशीच्या कमिटीच्या पार्टीचं निमंत्रण ग्रुपवर पीडीएफ होऊन पडलेलं. ते कुणी उघडलंही नव्हतं.

चोवीसला संध्याकाळी साडेसहाला क्लबहाउसमध्ये पार्टी सुरू झाली. कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड, त्यावर 'वॉर्म व्हाइट' लाइट, कारण काकांनी थीम ठरवलेली. एक भाड्याचा माणूस फुग्यांचे कुत्रे बनवत होता आणि प्रत्येक कुत्र्याला टाळ्या मागत होता. बाहेर, काचेपलीकडे, अख्खा सुरू निळाभोर. खाली विकीदादाचा बेंजो आणि कढईत तांदळाचे वडे. वास काचेला जुमानत नाही. आधी सी विंगचे जुळे सटकले. मग काकांची सख्खी नात उर्वी. सात वाजता आत तीनच जण उरले. काका, फुगेवाला आणि प्लास्टिकचं झाड.

काका नियमांची फाइल काखेत मारून बाहेर निघाले. मी आजीच्या बाजूला वडा खात उभा.

"आजी, खेळ खल्लास. काका लाइट काढायला लावणार."

"लायटीचा सोड. यो बाबा माझे कृतिकाला हाताला धरून आत नेल."

"काका? डी विंगला? आत? जमणारच नाही!"

"लाव पैज. हरलास तं त्याची नक्कल त्याचेच मोरं करायची. माईकवर."

मी हसत हसत हातावर टाळी दिली. काकांची नक्कल मी रोज करतो. माझ्याइतका हा माणूस कुणाला कळलाय?

काका आले. "वस्तुतः, हे बघा सगुणाबाई, हे झाड सामाईक जागेत—"

आजीनं ढुंकून बघितलं नाही. आंब्याच्या पानानं वाटीतली हळद उचलली आणि थेट सुरूच्या बुंध्याला लावली. काकांचं वाक्य तिथंच मेलं. त्यांचं बोट हळूहळू वर आलेलं मी पाहिलं.

"अहो, हे काय करताय?"

"हलद लावतंय."

"नवरीला? आधी?"

"मंग?"

"अहो, आधी नवऱ्याला! त्याची उरलेली उष्टी हळद मग नवरीला. इतका साधा प्रघात!"

शंभर तरी हळदींत गाणी म्हटलेली ती बाई. चेहरा असा केला की जणू हळद आजच बाजारात आली. "आमी अडानी मानसा. नवरा कुठं हाय मंग?"

सगळ्या पोरांनी एकदम काचेकडे बोट दाखवलं. प्लास्टिकचा नवरा आत एकटाच लुकलुकत होता.

"आन तिकरं हलद कोन नेल?"

"करवली नेईल. करवली कोण आहे?"

कृतिका पुढे झाली. फ्रॉक गेल्या वर्षीचाच, गुडघ्याच्या वर गेलेला. काकांनी वाटी तिच्या हातात दिली, दुसरा हात धरला आणि चालू लागले. दारात सिक्युरिटी म्हणाला, "सर, रिस्टबँड..."

"अरे, करवली हळद घेऊन चाललीये, मध्ये काय कडमडतोस? बाजूला हो! बाळ, उजवा पाय आधी."

ती आत गेली. उजवा पाय आधी. झाडासमोर पोचल्यावर काकांनी तिच्याकडे नीट बघितलं, मग तिच्या मोकळ्या मनगटाकडे. तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं विचारलं, "आजोबा, कुठल्या हातान लावू?" आणि प्रश्न विचारला की उत्तर न देणं काकांच्या कुंडलीतच नाही.

"उजव्या. खालून वर. खालून वर, अगं!"

मागोमाग डी विंगची बाकीची दहा-बारा पोरं आत घुसली. सिक्युरिटी भिंतीला चिकटून उभा. फुगेवाल्याला शेवटी टाळ्या मिळाल्या. तासाभरानं काका पिवळ्या हातांनी बाहेर आले, वडा घेतला, मीठ कमी आहे असं सांगितलं आणि दुसरा मागितला.

आजीनं बेंजोवाल्याच्या हातातला माईक काढून माझ्यापुढे धरला.

"बोल रं."

काका माझ्यापासून तीन हातांवर उभे होते. बाजूला कृतिका, तिच्या बाजूला माझी आई. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "वस्तुतः, हे बघा..."