दहा मिनिटांनी परत कर

गाववाल्यांनो, आई जाऊन महिना झाला. माझी आई, तुमची सगळ्यांची मावशी. तरी आज रविवार म्हणून सवयीनं सुरतहून आपल्या गावच्या दुकानात फोन लावला.

माझा आवाज ऐकून दुकानवाले अण्णाही सवयीनंच ओरडले, "अरे, मावशीला हाक मारा रे, पोराचा फोन हाय!" मग मला म्हणाले, "दहा मिनिटांनी परत कर."

मी फोन ठेवला.

दर रविवारी ती बांधावरून धापा टाकत यायची आणि आल्या आल्या मलाच ओरडायची, "उडत येऊ का रे? म्हातारी झाले मी!"

अण्णांना एव्हाना आठवलं असणार. तीन तास झाले, मी परत फोन केला नाय. केला नाय तोवर ती वाटेतच हाय.

तुमी केला असता का?