मूळचं आडनाव

"आसेगावकर हे गावावरून झालं. पण मूळचं आडनाव काय?"

ताईंनी मला हे विचारलं तेव्हा त्यांच्यापुढे दहा-बारा मुलं मांडी घालून बसली होती. मागच्या खुर्च्यांवर त्या मुलांचे आईबाप. परदेशातल्या आमच्या शहराचा सेंगकांग भाग, तिथल्या एका कॉन्डोची, म्हणजे उंच इमारतींच्या सोसायटीची, फंक्शन रूम. दर रविवारी सकाळी तिथे मुलांचा मराठी वर्ग भरायचा. ताई तो फुकट चालवायच्या. त्या दिवशीचा विषय होता, माझ्या आडनावाची गोष्ट.

कुलकर्ण्यांच्या मुलीने सांगितलं, आमचे पूर्वज गावाचं दप्तर लिहायचे. जोशांच्या मुलाने पंचांगाचं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माझी मुलगी मैत्री उभी राहिली. नऊ वर्षांची. म्हणाली, "बाबाचं गाव आसेगाव. म्हणून आसेगावकर. दॅट्स ऑल, लाह."

तिच्या इथल्या बोलीतल्या 'लाह'ला लोक हसले. आणि ताई माझ्याकडे वळल्या.

मी म्हणालो, "तेच मूळचं."

"तसं नाही हो. हल्ली कुणीही गावाचं नाव लावतं. लपवायला सोपं जातं. म्हणून विचारलं."

आवाज गोड होता. खोलीत कुणी हललं नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी जहाजावर अठरा वर्षं काढलेला इंजिनियर. इंजिनरूमला आग लागली तेव्हा आत शिरलेला माणूस. त्या खोलीत मी नजर खाली घातली.

मी म्हणालो, "पाटील. मूळचे पाटील आम्ही."

"मला वाटलंच," ताई म्हणाल्या. "बोलण्यावरून कळतं."

खोली सैल झाली. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एका बाईंनी पुढच्या शनिवारी जेवायला बोलावलं. वर्षभर आम्ही तिथे येत होतो, तोवर कुणी बोलावलं नव्हतं. मैत्रीने समोरच्या कार्डावर स्केचपेनने लिहिलं, पाटील. वेलांटी चुकली होती. ताईंनी ती दुरुस्त करून दिली.

घरी जाताना एलआरटी गाडीत तिने विचारलं, "बाबा, पाटील म्हणजे किंग का?"

मी म्हणालो, "चल, स्टेशन आलं."

माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या जागी 'महार' लिहिलेलं आहे. मास्तरने विचारलंच नाही. जात लिहिली आणि पुढच्या पोराकडे वळला. वडलांच्या दाखल्यावरही तेच उतरलं, मग शाळेत माझ्याही नावापुढे. वडील तालुक्याला वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी चौथीत असताना त्यांनी गॅझेटात आडनाव बदलून घेतलं. आसेगावकर. तो कागद घेऊन ते स्वतः माझ्या शाळेत आले होते.

गुरुजींनी कागद वाचला. घडी घालून टेबलाच्या खणात टाकला. दुसऱ्या दिवशी हजेरी जुन्याच नावाने घेतली. तिसऱ्या दिवशीही. वर्ग हसायचा आणि मी "हजर" म्हणायचो. चौथी संपेपर्यंत म्हणत राहिलो. त्या शब्दाची चव अजून तोंडात आहे. गंजलेल्या पत्र्यासारखी.

आणि आता, पंचेचाळिसाव्या वर्षी, परदेशात, खाऊनपिऊन सुखी असताना, मी पुन्हा हजर म्हणालो होतो. तेही दुसऱ्याच्या नावाने.

पुढच्या बुधवारी समुद्रात नांगर टाकलेल्या एका जहाजाची तपासणी होती. मी आता जहाजं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत किनाऱ्यावरची नोकरी करतो. तपासणी करायला क्लाइन साहेब होते. सत्तरीला टेकलेले, जन्माने इंग्लंडचे, कमी बोलणारे. लाँचमधून जहाजाकडे जायला तासभर लागतो. रविवारचं माझ्या छातीवर बसलेलं होतं. बोलायचं म्हणून मी विचारलं, "क्लाइन म्हणजे काय हो?"

"लहान," ते म्हणाले. "जर्मन शब्द आहे. आमच्या लोकांना पूर्वी आडनाव नव्हतंच. अमक्याचा मुलगा तमका, एवढंच. दोनेकशे वर्षांपूर्वी तिकडच्या राजांनी हुकूम काढले, ज्यूंनी कायमचं आडनाव घ्यायचं. गावात कारकून आला. माझा कुणी पूर्वज बुटका असेल. किंवा घरात धाकटा असेल. घरात कुणालाच ठाऊक नाही."

"म्हणजे हे ज्यूंचं आडनाव."

"जर्मनांचंही आहे. चर्चमध्ये जाणारे हजारो क्लाइन आहेत. तिकडे आजोबांच्या घरासमोर बेकरी होती, त्या बेकरीवाल्याचंही क्लाइन. आजोबांना त्याचं बरं वाटायचं. आपण त्यांच्यात मिसळलो, असं वाटायचं."

लाँच हेलकावत होती. त्यांनी लाइफजॅकेटचा पट्टा ओढून घट्ट केला.

"मग ज्यूंना वेचून काढायचे दिवस आले. आडनावावरून कळत नाही म्हटल्यावर सरकारने आजा-पणज्यांच्या जन्मनोंदी उघडल्या. आजोबांचं नाव ओटो. त्यावरूनही कळत नव्हतं. तर हुकूम निघाला, अशा प्रत्येक पुरुषाने नावापुढे 'इस्राएल' जोडायचं. कागदोपत्री, सहीत, सगळीकडे. आजोबांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं. तो कागद माझ्याकडे आहे. पुढे त्यांना नेलं. परत आले नाहीत."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी एक घोट घेतला.

"वडील लहान होते, त्यांना आधीच इंग्लंडला पाठवलं होतं. तिथे त्यांनी इंग्रज वाटेल असं आडनाव घेतलं. मी त्याच नावाने जन्मलो. पण वडील पोस्टमनने दार वाजवलं तरी दचकायचे. नाव बदललं, भीती तशीच राहिली. विसाव्या वर्षी मी क्लाइन परत घेतलं. वडील वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत."

मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या आडनावाचा अर्थ काय?"

मी सांगितलं. आजोबांच्या दाखल्यापासून रविवारपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सगळं सांगितलं, आणि तेही इंग्रजीत.

ते ऐकून म्हणाले, "तुमचे वडील लपले होते का?"

मला राग आला. "नाही," मी म्हणालो. आणि म्हणताना आठवलं. गुरुजींनी कागद खणात टाकला, त्या संध्याकाळी वडील काय म्हणाले होते ते. "मी लपायला हे नाव घेतलं नाही. आपल्याला गावाबाहेर ठेवलं ना त्यांनी? मग गावच नावात घेतलं. गाव आपलंही आहे."

माझ्या बापाने हक्क सांगितला होता. लपलो मी होतो. त्यांचं नाव अंगावर घेऊन, पाटलाच्या मागे.

शनिवारी मैत्रीला समोर बसवलं. म्हणालो, "आपण पाटील नाही. मी खोटं बोललो."

"व्हाय?"

"घाबरलो."

तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत प्रेम नव्हतं, राग नव्हता. ती मला नव्याने मोजत होती. ते सहन करण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं.

जेवायला गेलो नाही. रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी मी उभा राहिलो. भिंतीवर कार्डं चिकटवली होती. मैत्रीचं कार्ड मी काढलं.

"मागच्या वेळी मी खोटं सांगितलं. आम्ही पाटील नाही. माझ्या आजोबांच्या दाखल्यावर आडनाव म्हणून त्यांची जात लिहिली आहे, महार. ती मास्तरने लिहिली. आसेगावकर माझ्या वडलांनी लिहिलं. तेच आमचं मूळचं."

कुणी तरी घसा खाकरला. ताई हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, मुलांसमोर कशाला हे? आम्ही कुठे जात मानतो?"

"तुम्ही मुलांसमोरच विचारलंत, ताई."

"मी आपलं कुतूहल म्हणून विचारलं."

"मग कुतूहल फिटलं असेल."

त्यांनी वही उघडली. मागच्या रविवारी पाठीवर थाप मारणारे गृहस्थ फोनमध्ये बघत होते. जिने जेवायला बोलावलं होतं तिने आपल्या मुलाला जवळ ओढलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं. मैत्री तिच्या जागेवर जाऊन बसली. शेजारची मुलगी थोडी सरकली, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही.

वर्ग संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. त्या आठवड्यात फोनवरचा वर्गाचा ग्रुप शांत होता. पुढच्या रविवारी गेलो तर फंक्शन रूमला कुलूप. जागा बदलली होती. आम्हाला कळवायचं राहून गेलं, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

नवी जागा मी शोधून काढली आहे. जुरोंग ईस्टला, एमआरटी मेट्रोने गेलं तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. येत्या रविवारी मैत्रीला घेऊन जाणार आहे. त्याच्या पुढच्याही. कुणी मूळचं आडनाव विचारलं तर पूर्ण उत्तर देणार आहे, आणि उत्तर देऊन समोरच्याच्या डोळ्यांत बघत उभा राहणार आहे. नजर खाली घालायची पाळी आता त्यांची.